डाव्या बाजूचं बोलणं

धुळ्याच्या बसस्टँडवर त्या माणसाने मोहिनीला तीनदा विचारलं आणि तीनही वेळा तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. अर्थात हे तिला मागाहून कळलं. त्या वेळी तिला कळत होतं ते एवढंच, की डिसेंबरचं ऊन पाठीला छान लागतंय, शाल घरीच राहिली आणि बैठकीला उशीर होतोय. समोर आलेली रिक्षा तिने केली, अवधानची एमआयडीसी सांगितली आणि ती निघून गेली.

बैठकीत जो तो उठून आपली ओळख करून देत होता. एक उंच, सावळा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला तरुण उभा राहिला.

"मी नवल बोरसे. इथल्या तेलगिरणीत माणसं बघतो. म्हणजे कामावर घेतो, सांभाळतो, रुसली तर समजूत काढतो. आज सकाळी स्टँडवर एका मॅडमना तीनदा म्हटलं, अवधानला जाताय तर एकाच रिक्षाने जाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हा माणसं ओळखण्यात मी कच्चा आहे, हे आधीच सांगून ठेवतो."

सगळे हसले. तो मात्र मोहिनीकडेच बघत होता. तिच्या गालांवर ऊन चढलं. अशा प्रसंगांसाठी तिच्याजवळ ठेवणीतली उत्तरं असत. त्यातलंच एक तिने काढलं.

"रस्त्यात अनोळखी माणसांशी बोलायची सवय नाही मला."

"बरं... आता ओळख झाली," तो म्हणाला. "परतीच्या रिक्षाचं विचारलं तर चालेल?"

"परतीला मी चालत जाणार आहे," मोहिनी म्हणाली, आणि या वेळी सगळे त्याला हसले.

ही बैठक लीलाधरनानांची. नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून कामगार कल्याणाचं काम करून निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून त्यांनी जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांत, दाळमिलांत, दवाखान्यांत नोकरभरती पाहणारी माणसं हेरली आणि महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. ज्यांना कामावर घ्यायला मालक का-कू करतात त्यांना कसं आत आणायचं, हा तिथला विषय. बाळंतपणानंतर घरी बसलेल्या बाया, पाड्यांवरची आदिवासी मुलं, अपंग माणसं... एकाला जमलं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं. मोहिनी जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात होती. तिथे तिने मालकाच्या मागे लागून पाळणाघर सुरू करवलं होतं आणि नाना त्याचं कौतुक प्रत्येक बैठकीत करत. नवलने सातपुड्याच्या पायथ्याच्या मुली गिरणीत आणल्या होत्या, आणि त्या टिकाव्यात म्हणून त्यांच्याच बोलीत बोलणारी एक बाई त्यांच्यावर मुकादम नेमली होती. त्या दिवशी तो त्याबद्दल बोलला तेव्हा मोहिनीने मनात म्हटलं, माणूस बडबड्या आहे, पण पोकळ नाही.

ती हे सगळं ऐकत होती ते एका कानाने, आणि तेही अर्धवट. सात वर्षांची असताना तिला गालगुंड झाले आणि डावा कान कायमचा गेला. उजव्या कानामागे इवलंसं यंत्र असे, त्यावर मोकळे सोडलेले केस असत. पुण्याच्या एका मुलाखतीत ते यंत्र दिसलं तेव्हा समोरच्या माणसाचा आवाज एकदम मोठा आणि सावकाश झाला होता, आणि नोकरी मिळाली नव्हती. स्थळांचंही तसंच. दोन घरं चहा पिऊन गेली ती परत फिरकली नाहीत. तेव्हापासून आई, प्रमिलाबाई, केस विंचरताना एकच सांगायची, "कोनाले सांगू नको, माय." मोहिनीने सांगितलं नाही. ती नेहमी टेबलाच्या अशा टोकाला बसायची की सगळी माणसं उजव्या हाताला यावीत. ओठ वाचायची. आणि काहीच कळलं नाही तर हसून असं एखादं वाक्य म्हणायची, जे कुठेही खपून जातं.

परतीला ती चालत गेली नाहीच. नवलने रिक्षा थांबवली, ती आधी चढली आणि चटकन डावीकडे सरकली. स्टँड येईपर्यंत तो प्रश्न विचारत होता. पाळणाघरात मुलं रडली तर मशीन कोण थांबवतं? चटईचे रंग कोण ठरवतं? केळीच्या गावची माणसं रोज केळी खातात का? एवढ्या चौकस माणसापासून लांब राहायला हवं, असं मोहिनीला वाटलं. आणि बसमध्ये बसल्यावर, त्याने आणखी काय काय विचारलं असतं, याचाच ती विचार करत राहिली.

त्याने मेसेज पाठवून विचारलं. मग रोज विचारू लागला. लिहिण्यात मोहिनीला कुणाची भीती नव्हती. तिथे शब्द निसटत नाहीत, कुणाच्या ओठांवर डोळे ठेवावे लागत नाहीत. ती त्याची टोपी उडवायची, कोडी घालायची, उत्तरासाठी दिवसभर ताटकळत ठेवायची. एकदा त्याने लिहिलं, 'लिहिताना तुम्ही वेगळ्याच असता. बैठकीत इतक्या गप्प का?' ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. शेवटी लिहिलं, 'तुम्ही बोलू दिलं तर ना.' त्याचं हसणं तिला इथपर्यंत ऐकू आलं... असं तिला वाटलं.

जानेवारीत नाना म्हणाले, या वेळची बैठक खोलीत नको, भरिताचे दिवस आहेत, कुणाच्या तरी शेतात घ्या. मोहिनीचे वडील सुकदेव आबा यावलजवळ केळी लावत. त्यांनी आनंदाने होकार दिला. बागेच्या कडेला चटया अंथरल्या, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या काट्या पेटल्या, त्यावर हिरवी वांगी टाकली. धूर केळीच्या पानांतून सावकाश वर चढत होता.

मार्चमध्ये जळगावला सगळ्या कंपन्यांनी मिळून मेळावा घ्यायचा, एरवी ज्यांना दारातूनच परत पाठवतात त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, असं ठरलं. धुळ्याकडच्या कंपन्या गोळा करायचं काम नवलकडे आलं. बोलता बोलता त्याने विचारलं, "एक शंका आहे. कारखान्यात सोडा. आपल्यापैकी कुणाच्या ऑफिसात, टेबलावर, ऐकायला कमी येणारं कुणी आहे का?"

एक-दोघांनी नाही म्हटलं. मोहिनी भाजलेल्या वांग्याची साल काढत होती. बोटं पोळली तरी तिने मान वर केली नाही.

जेवण व्हायला अवकाश होता. नवलने बाग बघायची म्हटलं, आणि आबांनी मोहिनीलाच दाखवायला सांगितलं. दोघं आत शिरली. उजवीकडून पाण्याचा पाट होता म्हणून तो तिच्या डाव्या बाजूने चालू लागला. तिने जागा बदलायला पाहिली, पण वाट अरुंद. सातपुड्याकडून वारा आला की फाटलेली पानं फडफडत, आणि यंत्रातून तेवढीच फडफड कानात शिरे. तो पायांकडे बघत चालला होता. मध्येच थांबला. केळीच्या खोडावर त्याने नखाने एक रेघ ओढली... आणि काहीतरी म्हणाला.

तिने पाहिलं तोवर त्याचे ओठ मिटले होते.

मोहिनी हसली. शेतात आलेला पाहुणा काय म्हणतो ते तिला पाठ होतं. बाग सुंदर आहे, दुसरं काय? "सगळेच म्हणतात तसं," ती म्हणाली. "या दिवसांत तर जरा जास्तच."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "सगळेच?" हे तिने ओठांवरून वाचलं.

"हो ना. पुण्याची माणसं तर फोटो काढून नेतात."

नवल कसंनुसं हसला. मग पुढची बाग न बघताच तो मागे वळला. जेवताना त्याने भरिताची भाकरी अर्धी टाकली आणि धुळ्याची बस चुकेल म्हणून सगळ्यांच्या आधी निघाला.

त्या दिवसापासून प्रश्न बंद झाले. तिने काही लिहिलं तर 'हो', 'ठीक', 'बघतो' अशी उत्तरं येत. काय झालं? भरीत तिखट लागलं? आबा काही बोलले? की... त्याला कळलं असेल? यंत्र दिसलं असेल? वाऱ्याने केस उडत होते त्या दिवशी. दर वेळी विचार फिरून तिथेच येई. पुण्याच्या त्या मुलाखतीनंतरही असंच शांत झालं होतं. पण त्या माणसाचं तिला नवल वाटलं नव्हतं. याचं वाटत होतं. पाड्यावरच्या मुलींसाठी त्यांच्या बोलीतली मुकादम शोधणारा माणूस एका यंत्राने मागे सरेल? मन मानेना. मग त्या दिवशी तो काय म्हणाला होता?

फेब्रुवारीची बैठक पारोळ्याला होती, दोन्ही गावांच्या अध्येमध्ये. नवल आला नाही. गिरणीत काम फार आहे, मेळाव्याचं धुळ्याकडचं कुणीतरी दुसऱ्याने बघावं, असा त्याचा निरोप नानांनी सांगितला. मोहिनीला खोली एकदम रिकामी वाटली.

मग चर्चा सुरू झाली. एका कंपनीचे वयस्कर अधिकारी म्हणाले की ऐकू न येणाऱ्या मुलांना पॅकिंगला घ्यायला त्यांची हरकत नाही. बिचारी मन लावून काम करतात. पण ऑफिसात नको. तिथे फोन असतात, माणसं असतात, उगाच त्यांचीच फजिती होते. माणूस वाईट नव्हता, आवाजात कळकळ होती, आणि म्हणूनच भोवतालच्या माना हलल्या. मोहिनीला वाटलं, आता आपणही मान हलवली की झालं. चहा येईल, विषय बदलेल, आणि मार्चमध्ये मेळाव्यात ऐकू न येणारी हुशार पोरं पॅकिंगच्या रांगेत उभी राहतील. तिने स्वतः भरलेल्या रांगेत.

तिने दोन्ही हातांनी केस वर घेतले आणि पर्समधल्या क्लिपने बांधले. मग डोकं थोडं वळवलं, यंत्र सगळ्यांना दिसेल असं.

"फोन मी घेते, साहेब," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही, उजव्याने थोडं येतं. फजिती होते माझी, नाही असं नाही. पण ती ऐकू येत नाही म्हणून कमी होते. लपवावं लागतं म्हणून जास्त होते."

ते अधिकारी खाली बघून हळूच म्हणाले की त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना कसं माहीत असणार, असं तीच त्यांना म्हणाली.

मग नाना म्हणाले, "तरीच. मी इतके महिने तुला डावीकडून चहा विचारायचो, आणि तू गोड हसून म्हणायचीस, 'पुढच्या बैठकीत बघू.' मला वाटायचं, पोरीचं काही व्रत असेल."

सगळे हसले, मोहिनीही हसली, आणि हसता हसता तिचं हसू ओठांवरच थांबलं. त्या दिवशी शेतात... नवल डावीकडे होता. त्याने काहीतरी विचारलं, आणि आपणही असंच गोड हसून काहीतरी ठोकून दिलं. कशाला म्हणालो आपण 'सगळेच म्हणतात'?

पारोळ्याच्या स्टँडवर जळगावची बस समोर उभी होती. मोहिनी तिच्यात चढली नाही. ती धुळ्याच्या बसमध्ये बसली, आणि बस सुटल्यावर तिने नवलला लिहिलं, 'धुळ्याला येतेय. स्टँडवर या.'

ऊन कलता कलता ती उतरली. तो आला होता. बाह्या तशाच दुमडलेल्या, चेहरा मात्र परक्यासारखा नीटनेटका. स्टँडवरच्या गलक्यात काही बोलता येईना, म्हणून दोघं पांझरेच्या पुलाकडे चालत गेली. कठड्याशी तो नेमका तिच्या डावीकडे उभा राहिला. तिने त्याच्या बाहीला धरून त्याला ओढलं आणि उजवीकडे आणून उभं केलं. तो चकित होऊन बघत राहिला.

"आता सांगा," मोहिनी म्हणाली. "त्या दिवशी शेतात काय म्हणालात?"

"तुम्ही उत्तर दिलं होतं की त्याचं."

"काय उत्तर दिलं?"

"सगळेच म्हणतात तसं," नवल म्हणाला. "या दिवसांत जरा जास्तच. आणि पुण्याची माणसं फोटो काढून नेतात."

"मी बागेबद्दल बोलत होते... केळीच्या."

"मी नव्हतो बोलत," तो म्हणाला.

तिने बांधलेल्या केसांवरून हात फिरवला आणि त्याला ते यंत्र दाखवलं. गालगुंडांपासून सगळं सांगितलं. पुणं, चहा पिऊन गेलेली घरं, आई, आणि आज सकाळची बैठक. बसस्टँडवरची त्याची तीन वेळची हाक आपल्याला ऐकूच आली नव्हती, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर ती त्याचा आवाज आता मोठा आणि सावकाश होतो का, याची वाट बघू लागली.

आवाज होता तसाच होता. फक्त त्यातून प्रश्न निघाले. वारा कसा ऐकू येतो? कुठले शब्द जास्त निसटतात? बायकांचा आवाज सोपा की पुरुषांचा? रात्री ते काढून ठेवल्यावर अगदी शांत असतं का, आणि ती शांतता कशी असते, चांगली की एकटी? आजवर तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. लोक एक तर कीव करत, नाही तर विषय बदलत. ती एकेकाचं उत्तर देत गेली. ख आणि घ मधला फरक तिला ओठांवरून कळत नाही. रात्रीची शांतता चांगली असते. पण कधी कधी त्या शांततेत आपल्याला कुणी हाक मारत असेल का, असं वाटत राहतं.

नवलने कठड्यावर कोपरं टेकली. "मी महिनाभर कुढत बसलो," तो म्हणाला. "वाटलं, केवढा गर्व या बाईला. आणि तरी रोज फोन बघायचो. तेव्हाच विचारायला हवं होतं ना मी? एरवी जगाला विचारतो. तिथेच नाही विचारलं."

"मग आता सांगा. काय म्हणालात?"

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तिला त्याचे ओठही दिसतील असा. इतका वेळ शहरी मराठी बोलणारा नवल आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "मोहिनी, तू माले आवडस."

पुलावरून एक ट्रक धडधडत गेला. तरीही एकूण एक शब्द तिच्यापर्यंत पोचला.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं?"

"आलं... म्हणूनच."

त्याने पुन्हा म्हटलं. मग तिने तिच्या यावलकडच्या बोलीत उत्तर दिलं, "तू बी मले आवडतो." त्याने 'माले' म्हणावं आणि तिने 'मले', यावरून पुढे स्टँडपर्यंत दोघं भांडत गेली. जळगावची शेवटून दुसरी बस तिने धरली तेव्हा तो खिडकीखाली उभा होता, उजव्या बाजूच्या.

मेळावा मार्चमध्ये झाला, आणि धुळ्याच्या कंपन्या नवलनेच आणल्या. मोहिनीच्या मालकाने ऐकू न येणाऱ्या दोन मुलींना घेतलं, त्यातली एक ऑफिसात. पारोळ्याच्या बैठकीतल्या त्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या ऑफिसात एका मुलाला टेबल दिलं, आणि काय सोयी लागतील ते विचारायला मोहिनीला फोन केला.

घरचं मात्र इतकं सोपं गेलं नाही. समाज वेगळा, जिल्हा वेगळा, आबा कितीतरी दिवस नुसते बागेत जाऊन बसत. आणि प्रमिलाबाईंना सगळ्यात मोठी धास्ती ही, की लेकीने चारचौघांत कानाचं सांगून टाकलं. आता गावभर होणार. नवल दोनदा एकटाच येऊन गेला. पहिल्या वेळी त्याला चहा मिळाला, दुसऱ्या वेळी आबांनी त्याला मोटार बिघडली म्हणून विहिरीवर नेलं आणि दोघे चिखलाने माखून, एकाच बादलीत हात धुऊन घरी आले. त्यानंतर आबा काही बोलले नाहीत. पण धुळ्याच्या लोकांना आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला बोलवा, असं त्यांनीच सांगितलं.

आखाजीच्या दुपारी नवलचे आईवडील आले. अंगणातल्या निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली, घरात पुरणाच्या मांड्यांचा वास. मोहिनी पाण्याचे पेले घेऊन आली. नवलची आई, सुनंदाबाई, मोठ्या मायेने तिच्याजवळ सरकल्या आणि तिचा हात हातात घेऊन काहीतरी विचारलं. त्या डावीकडे बसल्या होत्या. बाहेर गाणी टिपेला गेली होती. मोहिनीने आईकडे पाहिलं.

सोप्यात शेजारच्या बाया होत्या, भाऊबंद होते, उंबऱ्यावर अर्धी गल्ली होती. प्रमिलाबाई क्षणभर पदराशी चाळा करत राहिल्या. मग त्या उठल्या, उजव्या हाताची चटई झटकून सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"विहीणबाई, तिकडून नका बोलू. माह्या पोरीले डाव्या कानानं आयकू येत नही. या, अशा उजवीकडे बसा."